मागून 'धप्प' आणि 'कट्' : बीम बदलावा का?

पानशेतवाली
शुक्रवार, रात्री १०.२०

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किमी झालेली, २०१८ ला बाहेरून सीएनजी बसवलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून "ही घेतलीतच कशाला" सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

तर दुखणं असं. आम्ही धायरीला राहतो. सोसायटीच्या गेटपासून सिंहगड रोडला लागेपर्यंत सात स्पीडब्रेकर आहेत. मी एकटी असले तर फार जाणवत नाही. मागे सासू-सासरे बसले की प्रत्येक ब्रेकर उतरताना 'धप्प', डिकीत कुणी ज्वारीचं पोतं टाकल्यासारखं. दुसरा आवाज वेगळा, बारीक 'कट्'. तो पार्किंगच्या उतारावरून अगदी हळू येताना, बहुतेक डावीकडून. आणि बायपासला नवले पुलाकडे उतरताना रस्त्यात जरा लाट आली की गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा झुलतो. सासऱ्यांनी परवा जाहीर केलं, "पुढची सीट मिळणार असेल तर येतो, नाहीतर मी आपला पीएमटीने जातो."

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांच्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं, मागच्या एक्सेलचे बुश गेलेत, सुटे मिळत नाहीत, अख्खा बीम बदलावा लागेल, ३४ हजार आणि मजुरी वेगळी. गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. मला गाडीतलं फार कळत नाही, पण डॉक्टर निदान जीभ तरी बघतो!

खरंच बीम बदलावा लागतो का? आधी काय तपासू?

जुना_खिळा
शुक्रवार, रात्री १०.३१

विका. सीएनजीवाल्या जुन्या गाडीला अजून भाव आहे.

अर्धवट_मेकॅनिक
शुक्रवार, रात्री ११.०५

विकू नका आणि बीमही बदलू नका.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. त्या तीन वेगळ्या भागांच्या असू शकतात, वर्कशॉपने तिन्हींची एकच मोट बांधली. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे एक आडवा लोखंडी बीम असतो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक हात. हाताच्या पुढच्या टोकाला बुश (रबर भरलेली लोखंडी नळी), तो गाडीच्या बॉडीला जोडलेला. मागच्या टोकाला चाक. हातावर स्प्रिंग आणि तिच्याजवळ शॉकअप. संपलं. पुढच्यासारखे लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड असला संसार मागे नसतो, त्यामुळे आवाज लपायला जागाही कमी.

उद्या सकाळी एक रुपया न घालवता एवढं करा. डिकी पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे स्टेपनी, जॅक, पाना, छत्री, दिवाळीपासून पडलेली रद्दीची पिशवी, मागच्या काचेखालचा ट्रेसुद्धा. फक्त सीएनजीच्या टाकीला हात लावायचा नाही. मग त्याच ब्रेकरवरून जा. निम्मे आवाज इथेच संपतात.

मग सपाट जागी गाडी लावून, दोन्ही टायरांत हवा सारखी करून, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत शिवणाच्या टेपने मोजा. डावीकडे आणि उजवीकडे. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज येते.

नंतर मागच्या एकेका कोपऱ्यावर वजन टाकून दोन-तीनदा दाबा आणि सोडा. वर आली, किंचित खाली जाऊन थांबली, तर ठीक. नाचत राहिली तर त्या बाजूचा शॉकअप मेला. उलट मात्र धरून चालू नका. नाचली नाही म्हणजे शॉकअप चांगला, असं नसतं. हाताने दाबल्यावर होणारी हालचाल बुशांची रबरंही अडवतात. ही चाचणी पार गेलेलाच पकडते, अर्धा गेलेला नाही.

शेवटी मागच्या टायरवर तळहात फिरवा, चाक फिरतं त्या दिशेने. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, उड्या मारतंय.

नानापेठी
शनिवार, सकाळी ७.१५

ताई, मी नाना पेठेत पार्टच्या काउंटरवर २२ वर्षं काढली. सीएनजी गाडीची मागची बाजू बसणं हे रोजचं दुखणं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, हजाराच्या आत जोडी, दहा मिनिटांत बसतात. गाडी बोटभर वर येते, 'धप्प' बंद. आधी हे करून बघा.

भोसरी_दुसरी_पाळी
शनिवार, सकाळी ९.४०

नानापेठींचा मान राखून, असहमत. निदान आधी तरी नको.

मी सस्पेन्शनच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवणं. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ चकत्यांची झडप. तेल त्या भोकांतून रेटलं जाताना हालचालीची उष्णता होते आणि नाच थांबतो. स्प्रिंग सुटून वर उसळते तेव्हा तो जास्त अडवतो, दाबताना कमी. त्यामुळे "शॉकअप गेला म्हणून गाडी एका बाजूला बसली" हे जवळपास नेहमीच चुकीचं असतं. बसली असेल तर स्प्रिंग बघा, स्प्रिंगची बैठक बघा.

दुसरं, रबरी बफर. दोन वेटोळ्यांमध्ये रबर अडकवलं की ती वेटोळी जवळजवळ कामातून बाद होतात, स्प्रिंग कडक होते आणि उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो. स्प्रिंग कडक आणि शॉकअप आधीच थकलेला, म्हणजे उसळी जास्त आणि तिला आवरणारा कुणी नाही. ब्रेकरवरचं 'धप्प' थांबेल, बायपासवरचं झुलणं वाढेल. आणि स्प्रिंगला आधीच तडा असेल तर बघायलाच नको.

एक सोपी चाचणी. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, थांबून मागच्या दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लावा. सायलेन्सरपासून जपून! चालू असलेला कोमट लागतो. एक कोमट आणि एक गार लागला तर गार आहे तो काम करत नाहीये.

नानापेठी
शनिवार, सकाळी ९.५२

काउंटरवर गिऱ्हाईक स्वस्त मागतं, आम्ही स्वस्त देतो. तुमचं शास्त्र बरोबर असेल, मी हजारो जोड्या विकल्यात आणि एकही परत आली नाही.

भोसरी_दुसरी_पाळी
शनिवार, सकाळी १०.०४

हजार रुपयांसाठी परत कोण येतं, नाना.

टेकडीवरचा_वारा
शनिवार, सकाळी ११.३०

अवांतर: इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे साधारण २५ च्या वेगाने गाडी आरामात जावी असा सांगितलाय. ३.७ मीटर म्हणजे उभी हॅचबॅक जवळजवळ मावते. आपल्या गल्ल्यांतला ब्रेकर म्हणजे डांबराचा वरवंटा. सस्पेन्शन कंपनीचं आणि रस्ता सोसायटीच्या चेअरमनचा, दोघांचं जमणार कसं?

वाळलेलं_लिंबू
शनिवार, दुपारी १२.१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पानशेतवाली
शनिवार, संध्याकाळी ६.४५

सगळ्यांना धन्यवाद. सकाळपासून हाच उद्योग चालू आहे, घरचे हसतायत.

डिकी रिकामी केली. हरवलेला स्टीलचा डबा, मुलाची शिट्टी आणि अर्धा किलो वाळू सापडली. आवाजात काही फरक नाही, 'धप्प' तसंच आणि 'कट्' पण तसाच.

माप: डावी ३४.१ सेंमी, उजवी ३५.५. तीनदा मोजलं. पार्किंगची फरशी तिरकी असेल म्हणून गाडी उलट तोंड करून लावली आणि पुन्हा मोजलं, डावी बाजूच कमी.

कोपरा दाबला तर उजवी बाजू एका झटक्यात थांबते. डावी दोन-अडीचदा नाचते. डाव्या टायरवर लाटा लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण हाताला स्पष्ट. खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, उजवा शॉकअप कोमट, डावा गार.

मोबाइल चाकामागे धरून व्हिडिओ काढला. डाव्या शॉकअपच्या खालच्या अर्ध्या भागावर काळा ओलसर थर आहे, त्यावर धूळ बसून पुरणासारखं घट्ट झालंय. उजवा कोरडा, वरच्या बाजूला फक्त किंचित तेलकट. तोही गेला का?

अर्धवट_मेकॅनिक
शनिवार, संध्याकाळी ७.२०

वा! वर्कशॉपपेक्षा जास्त तपासणी झाली.

वरच्या बाजूला किंचित तेलकट असणं चालतं. रॉड आत-बाहेर करताना सीलला ओलसर ठेवायला तेलाचा पातळ थर बाहेर येतोच. तेल खाली ओघळून चिखल धरत असेल तर सील गेलं. तुमचा डावा गेलाय, शंका नाही. पण बदलताना दोन्ही बदला. एक नवा आणि एक ८४ हजार किमी चाललेला, असं केलं तर वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची बाजू दोन तऱ्हेने वागेल.

आता मला खटकतंय ते १.४ सेंमी. भोसरीकरांनी वर लिहिलंय तेच, शॉकअपने हे होत नाही. आणि हळू वेगातला तो 'कट्'. माझा अंदाज, डावी स्प्रिंग खालच्या टोकाला तुटली आहे. स्प्रिंग बसते त्या खालच्या वाटीत पाणी आणि माती साचते, रंग उडतो, गंज लागतो आणि शेवटचं वेटोळं तिथेच तुटतं. तुकडा वाटीतच पडून राहतो, म्हणून बाहेरून दिसत नाही. गाडी उतारावर तिरकी झाली की तुटलेलं टोक तुकड्यावरून सरकतं, तोच 'कट्'.

मोबाइल पुन्हा घाला, या वेळी टॉर्च लावून स्प्रिंगच्या खालच्या टोकाकडे. गाडी जमिनीवर असतानाच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, डोकं तर लांबच राहिलं. घोडी (खालून द्यायचा पक्का टेकू) लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, हा नियम आमच्याकडे एका माणसाची बोटं गेल्यावर आला.

भोसरी_दुसरी_पाळी
शनिवार, रात्री ८.००

अंदाजाशी सहमत. भर एवढीच, स्प्रिंग चाकाच्या बरोबर वर नसते, बीमवर जरा पुढे असते. त्यामुळे स्प्रिंग एक सेंटिमीटरने कमी झाली तर चाकापाशी फरक त्याहून जास्त दिसतो. पाऊण वेढा तुटला असेल तर १.४ सहज जमतं.

आणि पानशेतवाली, साठ लिटरची टाकी असेल तर ब्रॅकेटसकट साठ-सत्तर किलो धरा. म्हणजे २०१८ पासून डिकीत एक मामा कायमचे बसलेत, आणि स्प्रिंग मात्र पेट्रोल गाडीचीच. कंपनी जेव्हा स्वतः सीएनजी बसवून गाडी विकते तेव्हा मागच्या स्प्रिंग सहसा वेगळ्या, जास्त कडक घालते. तुमच्या मॉडेलला कंपनीचं सीएनजी व्हर्जन होतं का? असेल तर त्याच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर काढा.

टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) वेळेवर झालीय ना? तीन वर्षांची मुदत असते.

पानशेतवाली
शनिवार, रात्री ८.४०

टेस्ट झालीय, पाटीवर तारीख आहे. कंपनीचं सीएनजी व्हर्जन होतं, आमच्यानंतर वर्षभराने आलं.

पण बुशचं काय? वर्कशॉपने तेवढंच एक सांगितलं होतं.

अर्धवट_मेकॅनिक
शनिवार, रात्री ९.१५

बुश गेले की लक्षण वेगळं असतं. ब्रेक मारला की मागून 'ठक्', गाडी सुटली की पुन्हा 'ठक्', लेन बदलताना मागची बाजू अर्धा क्षण उशिरा येते. यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. लिफ्टवर गाडी असताना टॉमीने (लोखंडी पहारीने) बीमचा हात पुढे-मागे रेटून बघतात. रबराला वरवर बारीक भेगा असणं म्हणजे वय, ते चालतं. रबर लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा आरपार फाटलेलं दिसलं तर बदलायचं. आणि बऱ्याच गाड्यांचे बुश सुटे मिळतात, प्रेसवर दाबून बसवतात. गॅसने तापवून ठोकून बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

बीम वाकलाय का हे ओळखायचा सोपा पुरावा तुमच्या गाडीतच असेल. शेवटचं अलाइनमेंट केलं त्याचा कागद आहे का? मागच्या चाकांचे आकडे असतात त्यावर. या बांधणीत मागचं अलाइनमेंट सहसा बदलता येत नाही, पण मोजता येतं. बीम वाकला असेल तर मागच्या दोन चाकांच्या आकड्यांत फरक पडतो.

पानशेतवाली
शनिवार, रात्री ९.५०

सापडला, विम्याच्या कागदांत. तीन महिन्यांपूर्वीचा. मागे टो (चाक आत-बाहेर किती वळलंय ते) डावा ०.०८, उजवा ०.११, दोन्ही हिरव्यात, म्हणजे मर्यादेत. कँबरही (चाक किती कललंय ते) दोन्ही हिरव्यात.

अर्धवट_मेकॅनिक
शनिवार, रात्री ९.५४

मग ३४ हजारांचा बीम त्यांच्याच दुकानात राहू दे.

नानापेठी
रविवार, सकाळी ८.३०

बफरचं सोडा, पार्ट घ्यायच्या दोन युक्त्या सांगतो, त्या तरी घ्या. गाडीचं नाव सांगून पार्ट मागू नका, चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलला वर्षानुसार दोन-तीन शॉकअप असतात, वरच्या नटाचे आटे वेगळे, खालच्या डोळ्याची (बोल्ट जातो त्या गोल कडीची) रुंदी वेगळी. आणि खोक्यावरचा नंबर व पार्टवर कोरलेला नंबर जुळतो का, ते काउंटरवरच बघा. खोकं ओरिजिनल आणि आत लोकल माल, हा खेळ जुना आहे. नवा शॉकअप हातात घेऊन दाबून बघा. गॅसवाला असेल तर सोडल्यावर आपोआप हळूहळू बाहेर येतो. फटकन आला किंवा मध्येच अडखळला तर परत द्या.

शॉकअपबरोबर बंप स्टॉप (गाडी पूर्ण खाली दबली की धक्का झेलणारा फोमचा तुकडा) आणि धुळीचं कव्हर घ्याच. सत्तर-ऐंशी हजार किमीत त्या फोमचा भुगा होतो. तुमचं 'धप्प' मला तरी तिथलंच वाटतं, भरलेली गाडी खाली येते आणि अडवायला मध्ये काही उरलेलंच नाही.

भोसरी_दुसरी_पाळी
रविवार, सकाळी ९.१०

याच्याशी शंभर टक्के सहमत. नाना, चहा माझ्याकडून.

पानशेतवाली
पुढचा रविवार, रात्री ९.३०

काम झालं. सविस्तर लिहिते, कारण अर्धी माहिती इथूनच घेऊन गेले होते.

पार्ट नाना पेठेतून, चॅसिस नंबर देऊन. शॉकअपची जोडी ३,९००, सीएनजी व्हर्जनच्या मागच्या स्प्रिंगची जोडी ४,२००, बंप स्टॉप आणि कव्हरं ९००. काम नऱ्ह्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये, लिफ्ट आहे, मजुरी १,८००. एकूण १०,८००.

दादांना आधीच सांगितलं होतं की मी उभी राहणार. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, मी बसले नाही.

गाडी वर गेल्यावर त्यांनी टॉमी घालून दोन्ही बुश रेटून दाखवले. हलतात तेवढेच हलतात, रबर कुठेही सुटलेलं नाही. मग डाव्या शॉकअपचा खालचा बोल्ट. आदल्या संध्याकाळी गाडी नेऊन त्यावर गंज सुटायचं तेल मारून घेतलं होतं, तरी लांब पाइप लावून दोघांनी ओढला तेव्हा 'ठण्' करून सुटला. बोल्ट काढायच्या आधी बीमखाली जॅकचा टेकू दिला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "ताई, शॉकअप सुटला की बीम लोंबतो, मग सगळं वजन ब्रेकच्या रबरी पाइपवर. तो ताणला की दुसरं काम निघतं."

वरचा नट डिकीतून होता, बाजूच्या कार्पेटखाली, टाकीला न हलवता लांब गोटीने (सॉकेट पान्याने) हात पोचला. इथे एक गंमत. नट फिरवला की आतला रॉडही फिरायला लागला. त्यांच्या पोऱ्याने पकड उचलली, दादा त्याच्यावर ओरडले, "रॉडला पकड लावायची नाही!" रॉडच्या टोकाला दोन चपट्या बाजू असतात, तिथे छोटा पाना धरून नट सोडवला. जुना तर भंगारातच जाणार होता, पण पोराला सवय लागायला नको म्हणाले. चकचकीत रॉडवर एक ओरखडा पडला की तो दर खेपेला सीलला कापत राहतो.

मग जॅक हळूहळू खाली घेतला आणि स्प्रिंग हाताने बाहेर आली. दाबायचं यंत्र वगैरे काही लागलं नाही. वाटीतून मूठभर चिखल पडला, त्यात चिंचेची पानं आणि लोखंडाचा वाकडा तुकडा, पाऊण वेढ्याला जरा कमी. तुटलेल्या जागी अर्धा भाग तपकिरी, अर्धा करडा चमकदार. दादा म्हणाले, तपकिरी भाग म्हणजे जुना तडा, चमकदार तुटला तो अलीकडचा. दोन महिन्यांपूर्वी या गाडीत पाच जण बसून जेजुरीला गेलो होतो, दिवे घाटातून. मी तो तुकडा घरी आणलाय.

डावा शॉकअप जमिनीवर उभा करून दोन बोटांनी दाबला, आत गेला आणि तिथेच राहिला. उजवा जरा तरी प्रतिकार करत होता. बंप स्टॉप डावीकडे नव्हताच, रॉडभोवती फक्त पिवळा भुगा. उजवीकडे अर्धा होता. म्हणजे नाना बरोबर.

नवे शॉकअप बसवायच्या आधी दादांनी उभे धरून चार-पाचदा पूर्ण दाबून सोडले, आडवे पडून राहिलेले असतात, आतली हवा तेलातून निघून वर जावी म्हणून.

शेवटी एकच वाद झाला. त्यांनी शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले. अर्धवट_मेकॅनिक यांनी व्यक्तिगत निरोपात लिहिलेलं आठवलं, म्हणून मी म्हटलं, वजन चाकांवर आल्यावर आवळायला हवेत ना? ते हसले. "इतकी वर्षं असंच करतोय." तरी जमिनीवर घेऊन ढिले करून पुन्हा आवळले. मला वाटतं हौस म्हणून केलं.

माप आता डावी ३६.३, उजवी ३६.४. चौघं बसून सातही ब्रेकर केले. 'धप्प' नाही. पार्किंगचा 'कट्' नाही.

पण! आता तिसराच आवाज येतोय. बारीक 'टक-टक-टक', खडबडीत रस्त्यावर, मधोमध. आधी नव्हता. काही चुकीचं बसलं का? रात्रभर झोप नाही लागणार मला.

भोसरी_दुसरी_पाळी
रविवार, रात्री १०.०५

अभिनंदन. ते हौस म्हणून नव्हतं. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, पिळतो. आतली नळी बोल्टने आवळली जाते, बाहेरची डोळ्यात घट्ट, मध्ये रबर. हवेत, चाक लोंबत असताना आवळला तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते आणि गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं. वर्षा-दोन वर्षांत फाटतं आणि लोक पार्टला शिव्या देतात.

टक-टक आधीही असेल, मोठ्या आवाजांखाली दबलेला. डिकीतलं सामान परत ठेवलंत का?

पानशेतवाली
रविवार, रात्री १०.१२

फक्त स्टेपनी आणि जॅक. दोन्ही घट्ट आहेत.

टेकडीवरचा_वारा
रविवार, रात्री १०.४०

शॉकअपचा वरचा नट ढिला असेल तर असाच टकटक आवाज येतो, तो एकदा बघाच. पण तो एका बाजूने येईल, मधोमध नाही. मागे कुणाला तरी बसवून सीटच्या पाठीला हाताने दाबून ठेवायला सांगा.

पानशेतवाली
सोमवार, सकाळी ८.२०

सापडला!! वरचे दोन्ही नट आधी बघितले, घट्ट आहेत. मग सासऱ्यांना मागे बसवलं. (स्वखुशीने बसले, नोंद घ्यावी.) त्यांनी पाठीला रेटा दिला की आवाज बंद, सोडला की चालू. मागच्या सीटची पाठ ज्या लोखंडी कडीत अडकते ती कडी आणि खटका यांत फट आहे. डिकी रिकामी करताना मी सीट पाडली होती, तेव्हापासून. कडीला काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, गेला आवाज.

जुना_खिळा
सोमवार, सकाळी ९.००

हे सगळं वाचून खाली जाऊन माझी गाडी मोजली. दोन्ही बाजूंत २ सेंमीचा फरक आहे. ते शॉकअपच्या खालच्या बोल्टला कितीची गोटी लागते?

पानशेतवाली
सोमवार, सकाळी ९.०६

माझ्या गाडीला १७ ची. पण तुम्ही विकणार होतात ना?